माझी म्हातारी नातीच्या कादंबरीत

माझी नात सोळा वर्षांची आहे, अकरावीत शिकते आणि मोबाईलवर कादंबरी लिहिते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं डोकं कशानं फिरलं ते तुम्हाला कळेल.

मी चौथी पास. तीही रडतपडत. उमरखेडकडं आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथं चौथीपर्यंतच शाळा होती. पाचवीसाठी नाला ओलांडून जावं लागे, तो मी ओलांडला नाही. पंचांग वाचता येतं, औषधाच्या डब्यावरचं वाचता येतं, त्यावर जन्म निघाला. कादंबरी हा प्रकार मला कशाला माहीत असणार? पण होळीनंतर माझी बायको गेली, मुलानं मला तांड्यावरून उचलून यवतमाळला आणलं, आणि माझी खाट पडली नेमकी नातीच्या खोलीत. मुलगा ऑफिसात, सून शाळेत शिकवायला. घरात दिवसभर मी आणि भिंतीवरची पाल. दोनला कॉलेज सुटलं की नात यायची, ताट घेऊन माझ्या खाटेवर बसायची आणि म्हणायची, "दादा, ऐका न."

आमच्या गोर बोलीत आज्याला दादा म्हणतात आणि आजीला दादी. ही पोरगी आमच्या बोलीतले एवढे दोनच शब्द बोलते. बाकी सगळी मराठी, तीही अर्धी इंग्रजी घातलेली.

तर ती कादंबरी. त्यात एक पोरगी आहे, तीही सोळाच वर्षांची, यवतमाळचीच, स्कूटीवर फिरणारी. तिला यवतमाळच्या आत दुसरं यवतमाळ दिसतं. बंद पडलेल्या जिनिंगच्या धुराड्यात कोणीतरी राहतं आणि कापूस पांघरून झोपतं. भाजीबाजारात एक बाई सावल्या विकते. एसटी स्टँडच्या मागं, जिथं गाड्या धुतात तिथं, बोर्ड नसलेली एक लाल गाडी येऊन लागते. ती मेलेल्यांची गाडी. आणि ह्या पोरीनं काय करायचं, तर जी भुतं चुकून गावात राहून गेली त्यांना शोधून, धरून त्या गाडीत बसवायचं. हे काम तिला कोणी दिलं, विचारू नका. मी विचारलं होतं. नात म्हणाली, ते पुढच्या भागात येणार आहे. मी अकरा भाग ऐकले, आलं नाही.

"ही पोरगी जेवते केव्हा?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दादा, फँटसी आहे ती."

"असू दे. सकाळपासून सावल्यांच्या मागं पळून राह्यली, दोन घास नको खायले?"

"तो मुद्दा नाही हो."

"अन् तिची माय काही म्हणत नाही?"

"तिच्या आईला माहीतच नाही न."

"सोळा वर्षांची पोरगी गावभर भुतं धरत फिरते अन् मायले पत्ता नाही. मग ती मायच भूत असंन. तिले बसव गाडीत."

नातीनं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन खाल्लं. दुसऱ्या दिवशी परत आली. तिच्या मैत्रिणी म्हणे तारीफच करतात, चुका कोणी काढत नाही, म्हणून तिला मी लागतो. मी म्हटलं, चुका काढायला काय लागतं? स्कूटी चार भागांपासून पळते आहे, पेट्रोल कुठं भरलं? तर तिनं खरंच त्या पोरीला पंपावर थांबवलं. मागं सावली लागलेली, आणि ही हेल्मेट घालून लाइनीत उभी. ऐकून मला आणखीच राग आला. एवढी घाई असताना पंपावर कोण थांबतं?

असं चाललं होतं. पावसाळा त्यातच गेला. मग सातवा भाग आला.

सातव्या भागात ती पोरगी स्टँडवर जाते. बाकावर एक म्हातारी बसलेली असते. फेट्या म्हणजे आमच्या बायांचा घेरदार घागरा नेसलेली, आरशांची ओढणी डोक्यावर, कोपरापर्यंत बांगड्या. त्या ओढणीवरच्या प्रत्येक आरशात यवतमाळचा वेगळा रस्ता दिसतो. इथपर्यंत मी गुपचूप ऐकलं. मग नातीनं त्या म्हातारीचं नाव वाचलं.

मी खाटेवर उठून बसलो. ते माझ्या बायकोचं नाव होतं.

आता हे सांगावंच लागेल. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, हे सगळीकडं आहे. आमच्या घरात नवराही बायकोचं घेत नव्हता. माझ्या बापानं माझ्या आईचं कधी घेतलं नाही. लग्न झालं तेव्हा मी एकदा घेतलं असतं तर बापानं तोंडात मारली असती. मग बाप मेला, पण तोवर सवय झाली. मी तिला 'अगे' म्हणायचो. ती मला 'ओ' म्हणायची, रागात असली की 'छोऱ्याचा बाप'. पन्नास वर्षं असंच चाललं, कोणाचं काही अडलं नाही. ती गेल्यावर ग्रामपंचायतीत नोंद करायला गेलो तेव्हा पहिल्यांदा अडलं. तिथल्या माणसानं विचारलं, नाव सांगा. मी उभा. तो हसून म्हणाला, "बाबा, बायकोचं नाव विसरले काय?" मी मुलाकडं बोट केलं आणि बाहेर येऊन चप्पल घातली.

"हे नाव तुले कोणं दिलं?" मी नातीला विचारलं.

"रेशन कार्डावर आहे न, दादा."

"काढ ते."

"काहून? दादीच आहे ती. मी दादीसाठीच लिहून राह्यली."

"गावभराच्या पोरी तुझं ते वाचतात. त्यांच्या तोंडी तिचं नाव कायले?"

"मग कोणाच्या तोंडी? तुम्ही तर घेतच नाही."

मी जिन्यात जाऊन बसलो. तिथं डास चावले, म्हणून परत आलो. पण तिच्याशी बोललो नाही. दोन दिवस ती मोबाईल घेऊन आली की मी भिंतीकडं तोंड करायचो.

तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. "काय म्हणते मग ती म्हातारी?"

तिनं लगेच वाचलं. म्हातारी त्या पोरीच्या गालावर हात ठेवते आणि म्हणते, 'घाबरू नकोस बाळ, तुझ्या अंतरीचा प्रकाशच तुला वाट दाखवील.'

मी म्हटलं, थांब. माझ्या बायकोनं उभ्या जन्मात कोणाला 'घाबरू नकोस' म्हटलं नाही. पोरगं विहिरीकडं गेलं की ओरडायची. साप निघाला तर सापाला शिव्या द्यायची, मग मला, की तू आधी का पाहिला नाही. आणि हा अंतरीचा प्रकाश कुठून आणला? तिच्या घरात लाईट गेली की ती लाईटवाल्याच्या सात पिढ्या काढायची.

"मग काय म्हणाली असती?" नात म्हणाली. अंगठे मोबाईलवर तयार.

"आधी विचारलं असतं, छोरी, कत जारी छी?"

"म्हणजे?"

"कुठं चालली, पोरी. एवढंही येत नाही तुले. मग विचारलं असतं, जेवली काय. मग म्हटलं असतं, हे काय घातलं अंगात, गुडघ्यावर फाटलेलं, शिवायले दे मायले."

नात हसत हसत लिहीत होती. "अन् भूत आलं तर?"

"भुताले विचारलं असतं, कोणत्या तांड्याचा. कुठं नातं लागते काय ते पाह्यलं असतं. लागलं तर बसवून घेतलं असतं, अन् गेल्या वर्षी लग्नात काहून नाही आला म्हणून भांडली असती."

"अन् ओढणीवरचे आरसे कशासाठी असतात, दादा? मी लिहिलं की त्याच्यानं दुसरं जग दिसते."

"चमकतात म्हणून असतात. दुसरं जग गिग काही नाही. तिनं एक एक आरसा टाचला, बोटं टोचून घेतली अन् शिव्या मले दिल्या. हे लिही."

तिनं लिहिलं. मग मी आणखी एक चूक सांगितली, आणि ही मोठी होती. ही म्हातारी स्टँडवर अशी ऐसपैस बसूच शकत नाही. तिला गाडी लागायची. नुसत्या डिझेलच्या वासानं तिचं पोट ढवळायचं. यवतमाळला मुलाकडं यायचं ठरलं की ती आदल्या दिवसापासून जेवण सोडायची, आणि हातात लिंबू धरून, ते हुंगत हुंगत गाडीत चढायची. परत जाताना आर्णीपर्यंत दम धरायची. आर्णी आली की डोकं खिडकीबाहेर. म्हणून पन्नास वर्षं मी खिडकीजवळची सीट तिला दिली. लोकांना वाटे काय जीव आहे बायकोवर. जीव कसला, माझं धोतर वाचावं म्हणून.

नातीनं म्हातारीच्या हातात लिंबू दिलं.

आणि मग पंचाईत झाली. कॉलेजच्या पोरींना ती म्हातारी आवडली. त्या मोबाईलवर भागाच्या खाली लिहायला लागल्या, आजीला आणा, आजी पुन्हा कधी येणार. स्कूटीवाल्या पोरीला कोणी विचारेना. नात रोज येऊन म्हणायची, "दादा, आज दादी कोणाले शिव्या देईन?" मी म्हणायचो, मला काही दुसरं काम नाही का. नव्हतंच. दोन वाजायच्या आधीच मी दाराकडं बघत बसायचो. सूनबाई फार चांगली आहे, 'बापू, चहा घेता का, बापू, पाणी देऊ का' करते. मुलगा खालमानेनं बोलतो. त्या घरात मला कोणी शिवी देत नव्हतं. होळीपासून कोणी दिली नव्हती. दुपारी दोन ते तीन, तेवढी मोबाईलमधून मिळायची.

एकदा नातीनं विचारलं, "दादी गेली तेव्हा तुम्ही जवळ होते न? शेवटी काय म्हणाली ती?"

मी म्हटलं, "तुझ्या पुस्तकात घालायले विचारतेस काय? चूप बस."

ती काही म्हणाली नव्हती. मी म्हणालो होतो. सकाळची वेळ, मी ओट्यावर, ती आत चुलीपाशी. चहा उतू गेला, निखाऱ्यावर सांडल्याचा वास बाहेर आला, आणि मी ओरडलो, "अगे, ध्यान कुठं आहे तुझं?" उत्तर आलं नाही, म्हणून आणखी एकदा ओरडलो, जास्त जोरात. एवढंच झालं. हे मी नातीला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो आहे.

दिवाळी जवळ आली तसा मुलगा मागं लागला. आमच्यात दिवाळीला मेलेल्यांना जेवू घालतात. चुलीतले निखारे काढायचे, त्यावर लापशी आणि तूप सोडायचं, आणि घरातल्या सगळ्या मेलेल्यांची एकेकाची नावं घ्यायची. ज्याचं नाव घेतलं तो येतो, जेवतो आणि आपल्या माणसांत जाऊन बसतो. घरातला सगळ्यांत मोठा माणूस नाव घेतो. तो असेपर्यंत दुसऱ्यानं घ्यायचं नाही. आमच्या घरात मोठा मी.

"बापू, यंदा याडीचं पह्यलं वर्ष आहे," मुलगा म्हणाला. याडी म्हणजे आई. "तांड्यावर जाच लागते."

"माझे गुडघे दुखतात."

"गाडीत बसून तर जायचं आहे."

"यंदा राहू दे. पुढच्या साली पाहू."

"अन् पुढच्या सालापर्यंत ती कुठं राहीन?" तो माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "तुम्ही घेतल्याबिगर मले घेता येत नाही. ती ना आपल्यात, ना आज्या-पणज्यात. अधांतरी ठेवता काय तिले?"

मी म्हटलं, जा, तुला ऑफिसला उशीर होतो. नात तिथंच दाराशी उभी होती, हातात मोबाईल. पुढं कादंबरीत जे झालं ते तिनं तिथूनच उचललं, हे मला आत्ता कळतं. तेव्हा मला वाटलं ती नेहमीसारखी मोबाईलमध्ये गुंतली आहे.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, "दादा, आता शेवट आला. शेवटी दादी लाल गाडीत बसते."

"कोणत्या लाल गाडीत?"

"मेलेल्यांच्या."

"ती कायले बसते त्याच्यात?"

नात माझ्याकडं बघत राहिली. "दादा, ती भूतच आहे न. पह्यल्यापासून. म्हणून तर ती फक्त हीरोईनले दिसते. तुम्हाला कळलं नव्हतं काय?"

मला खरंच कळलं नव्हतं. इतक्या भुतांमध्ये ती एक जिवंत आहे, असं मी धरून चाललो होतो. ती जेवायला विचारते, लिंबू हुंगते, फाटक्या कपड्यांवर बोलते, भूत असं करतं का? मला वाटलं ती उमरखेडच्या गाडीची वाट बघत बसली आहे.

"मग गाडीत बसवू नको," मी म्हटलं. "एकदा गेली तेवढं पुरं नाही झालं काय? राहू दे स्टँडवर."

"तसं नाही होत. कंडक्टर नाव पुकारतो. ज्याचं नाव घरच्यांनी सांगितलं, तोच चढतो."

"मग नको सांगू नाव. राहीन ती तिथंच. तुझ्या पोरींनाही पायजे न ती?"

"पक्कं?"

"पक्कं."

"ठीक आहे," नात म्हणाली. फार पटकन म्हणाली. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

दोन दिवसांनी तिनं तो भाग वाचला. लाल गाडी येऊन लागते. कंडक्टर उतरतो, कागद काढतो, नावं पुकारतो. एक म्हातारा चढतो, एक बाई लेकरू घेऊन चढते. आमची म्हातारी प्रत्येक नावाला उठते, गाठोडं काखेत मारते, लिंबू मुठीत धरते. तिचं नाव येत नाही. गाडी जाते. परत येऊन बघते तर बाकावर दुसरेच बसलेले. मग ती उभी राहते. दुसऱ्या दिवशी गाडी येते, परत उठायचं तर आधी बसायला नको का? ती उभीच. तिसऱ्या दिवशी ती कंडक्टरला विचारते, "माझ्या घरचं कोणी आलं नाही काय सांगायले?" तो कागद वरखाली बघतो. "नाही, बाई." ती म्हणते, "तो म्हातारा खाटेवर पडून असंन. गुडघे दुखतात त्याचे. माझे तर दुखतच नाही न!"

मला हसू आलं. अगदी असंच म्हणाली असती. आणि हसता हसता माझं टाळकंच सरकलं.

"तिले उभी काहून ठेवली?" मी ओरडलो. "म्हाताऱ्या बाईले तीन दिवस उभी! वरून डिझेलचा वास! तुले काही जीव आहे की नाही?"

"तुम्हीच म्हणाले, नाव नको सांगू."

"बसायले जागा तर द्यायची होती!"

"दादा, ते स्टँड आहे. तिथं कोण कोणाले जागा देते?"

"मग बसव तिले गाडीत. बसव लवकर. लिही."

"नाही लिहत." तिनं मोबाईल पालथा ठेवला. तिचा आवाज फाटला होता. "मले दादीचं नाव नाही सांगता येत. मी मोठी नाही न घरातली."

मी खाटेवरून उठलो. मग बाहेर जाऊन सुनेला विचारलं, उमरखेडची गाडी सकाळी किती वाजता लागते.

तांड्यावरचं घर होळीपासून बंद होतं. मुलानं कुलूप काढलं, सुनेनं चूल सारवली. ओट्यावर मी बसायचो ती जागा तशीच होती, आणि मी दुसरीकडं बसलो. अमावस्येच्या संध्याकाळी आमच्या तांड्यातल्या कुवार पोरी दिवा घेऊन घरोघर फिरतात, मोठ्यांच्या समोर उभ्या राहून 'मेरा' म्हणतात, म्हणजे दिवाळीचं मागणं मागतात. नातीनं हे कधी केलं नव्हतं. बायांनी तिच्या डोक्यावर तिच्या दादीची ओढणी टाकली, खाली तीच गुडघ्यावर फाटलेली प्यांट. तिला शब्द येईनात. दुसऱ्या पोरी एक ओळ म्हणायच्या आणि ही मागून अर्धी. माझ्यासमोर आली तेव्हा दिव्याच्या उजेडात ते सगळे आरसे माझ्या अंगावर हलले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "ह्या प्यांटीवर ही ओढणी. तुझी दादी पाहती तर दिव्यासकट बाहेर काढती तुले." ती म्हणाली, "माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निखारे काढले. भाऊबंद जमले, तांड्याचा नायक आला, तो माझा चुलतभाऊ. मी निखाऱ्याभोवती पाणी फिरवलं आणि नावं घेत तूप सोडायला लागलो. पणजा, आजा, बाप. आजीचं आलं, आईचं आलं, धाकट्या भावाचं आलं. सगळी सुरळीत आली. मग थांबली.

"पुढं," नायक म्हणाला.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "अगे."

आतून सूनबाई धावत आली. "काय पायजे, बापू?"

कोणीतरी हसलं, मग कोणीतरी त्याला गप्प केलं. नायक म्हणाला, "भाऊ, अगे नाही चालत. तांड्यात अशा पन्नास अगे आहेत. कोणती येईन? नाव घे."

तूप हातावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. मागं नात उभी होती, नखं खात. एरवी ती हातात मोबाईल असल्याशिवाय नसते, त्या दिवशी नव्हता. लोकांना वाटलं असेल मी देवाचं नाव घेतो आहे मनात. मी त्या स्टँडचा विचार करत होतो. ती उभी आहे, गाठोडं काखेत, आणि कंडक्टर कागद घडी करून खिशात घालतो आहे. आणि मला इतका राग आला. त्या कंडक्टरचा आला, नातीचा आला, माझ्या बापाचा आला, आणि तिचाही आला, की चहा चुलीवर ठेवून असं कोणी जातं का. त्या रागातच नाव तोंडातून निघालं. फार मोठ्यानं निघालं. त्या दिवशी चहासाठी ओरडलो होतो, तेवढ्या मोठ्यानं. गोठ्यातली बकरी दचकली. तूप निखाऱ्यावर पडलं, जाळ वर आला आणि सगळा धूर माझ्या डोळ्यात गेला.

तीन अक्षरांचं नाव. एवढ्याशासाठी पन्नास वर्षं.

भाऊबीज झाल्यावर आम्ही परत निघालो. मुलगा आणि सून पुढच्या सीटवर. मी सवयीनं अलीकडं बसलो, खिडकीजवळची सीट मोकळी सोडून. नात आत शिरली आणि गाडी सुटायच्या आधीच मोबाईल काढला.

"आता लिहू काय?"

"लिही."

"कंडक्टर नाव पुकारतो. दादी चढते. चढताना ती हीरोईनले काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. तिले आता कोणाशी बोलायचं नाही, तिचं पोट ढवळून राह्यलं. ती कंडक्टरले म्हणते, खिडकीजवळची सीट दे. नाही दिली तर आर्णीले पस्तावशील."

"दादा, मेलेल्यांची गाडी आहे ती. आर्णीवरून नाही जात."

"तुले काय माहीत कुठून जाते? तू गेलती काय?"

तिनं लिहिलं. आर्णीही लिहिली, मी बाजूनं पाहिलं, तेवढं वाचता येतं मला.

"अन् आता ते नाव बदल," मी म्हटलं. "जिथं घ्यायचं होतं तिथं घेऊन झालं."

"नाही बदलत."

"मग मर तिकडं."

ती हसली आणि खाली मान घालून लिहीत राहिली. महागाव गेलं, रस्त्यावर खड्डे लागले, गाडी हेलकावे खायला लागली. मी दोनदा म्हटलं, डोकं वर कर, चालत्या गाडीत मोबाईल पाहू नये. ती म्हणाली, दोनच ओळी राहिल्या, दादा. मग तिची बोटं थांबली. तोंड पांढरं पडलं. मी हात लांब करून खिडकीची काच सरकवायला गेलो, पण ती काच अडकलेली होती. आणि पन्नास वर्षं जपलेलं धोतर आर्णीच्या अलीकडं गेलं.